राग कुकरमध्ये साठत नाही: घरातच भडका का उडतो आणि त्याचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर. कामावर 'शांत माणूस' म्हणून तुमचं नाव आहे, घरी मात्र भडका उडतो. परवा संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात. वडिलांनी पंचायतीतून आलेला घरपट्टीचा कागद पुढे केला आणि "काय लिवलंय बग की" म्हणून विचारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही पुढ्यातलं ताट भिंतीवर भिरकावलं. सातवीतली मुलगी समोरच होती. तेव्हापासून वडील तुमच्याशी कामापुरतंच बोलतात. मित्र म्हणतो, राग दाबू नको, उशी बडव, मोकळा हो. बायको म्हणते, गिळायला शिका. तुम्ही विचारता, दाबला तर बीपी वाढतो, काढला तर घर मोडतं, मग या कुकरचं करायचं काय? आणि मेंदूत रागाचं बटण नेमकं असतं कुठे?

मी बेळगावात समुपदेशन करते. खानापूर, चंदगड, निपाणीकडची मंडळी येतात, त्यामुळे अशी तक्रार मला नवी नाही. तरी तुम्हाला मी भेटलेली नाही, म्हणून पुढचं बरंचसं अनुमान आहे असं धरूनच वाचा. झोप किती होते, दारू आहे का, तब्येत कशी आहे, यावर उत्तर बरंच बदलतं. त्याकडे शेवटी येते.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. त्याच दिवशी रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं म्हणून मॅनेजरनं सगळ्यांदेखत तुम्हाला झाडलं आणि तुम्ही "होय सर" म्हणून भट्टीकडे वळलात. रागाचं बटणच बिघडलं असतं तर ते तिथेही दाबलं गेलं असतं. म्हणजे तुम्हाला राग आवरता येतो. दिवसातले आठ-दहा तास तुम्ही तो आवरताच. तेव्हा 'राग जास्त आहे, कमी कसा करू' हा मला तुमचा खरा प्रश्न वाटत नाही. खरा प्रश्न असा की जो माणूस मॅनेजरपुढे आवरतो तो बापापुढे का आवरत नाही, आणि वडिलांच्या साध्या विचारण्यातून राग तयार तरी का व्हावा?

आधी तो कुकर बाजूला ठेवू. भावना आत साठतात, वाफ कोंडते, शिट्टी झाली नाही तर स्फोट होतो, ही कल्पना आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती कुणीतरी कधीतरी मांडलेली कल्पना आहे हेच आपण विसरतो. १८९०च्या दशकात व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी कोंडलेल्या भावनेला वाट करून दिली की रुग्ण बरा होतो असं मांडलं आणि तिथून ती जगभर पसरली. ऐकायला पटते. तपासायला गेलं की टिकत नाही. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. सुमारे सहाशे विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि 'इतका वाईट निबंध आजवर वाचला नव्हता' अशा धाटणीचा शेरा मारून त्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना शेरा मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून बडवायला सांगितलं आणि काहींना काहीच न करता नुसतं बसवून ठेवलं. शेरेवाल्याला आठवत बडवणारे शेवटी सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले, आणि नुसते बसलेले सगळ्यांत कमी आक्रमक. पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी क्यार्विक यांनी दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही तेच दिसलं. शरीराची धडधड खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान यांनी राग उतरतो. धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, जॉगिंगने तर उलट वाढलेला दिसला. धावणं तब्येतीला चांगलंच आहे, राग उतरवायचं औषध म्हणून ते कामाचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा मित्राला सांगा, उशी झोपायला राहू दे.

आता गिळण्याचं बघू. इथे वहिनींचं म्हणणं समजण्यासारखं आहे, ताटं त्यांनाच गोळा करावी लागतात. पण चेहरा कोरा ठेवून आतल्या आत सोसणं म्हणजे भावना कमी होणं नव्हे. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस आणि बर्कलीचे रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९०च्या दशकात लोकांना किळस येईल असे शस्त्रक्रियेचे तुकडे दाखवले आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच फारसं काही दिसलं नाही, पण आतली किळस तेवढीच राहिली आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. २००३ मध्ये एमिली बटलर यांच्या अभ्यासात तर भावना लपवणाऱ्याशी जो बोलत होता, त्याचाही रक्तदाब चढलेला आढळला. तुम्ही घुम्यासारखे बसलात की वहिनींना का धडकी भरते, याचं उत्तर यात काही प्रमाणात आहे.

मग तिसरी वाट कोणती? ती कळायला भावना तयार कशी होते हे थोडं समजून घ्यावं लागेल.

रागाचं बटण नाही. अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग मेंदूत दोन्ही बाजूंना असतो आणि व्हिडिओंमधून त्याला 'भीतीचं केंद्र', 'रागाचं केंद्र' अशी नावं सर्रास दिली जातात. ज्यांच्या संशोधनामुळे तो प्रसिद्ध झाला त्या जोसेफ लेडू यांनीच पुढे वारंवार सांगितलं की धोका हेरणं हे त्याचं काम, भीती 'वाटणं' ही त्याहून मोठी आणि पसरलेली प्रक्रिया आहे. अभ्यासकांत अजून वाद आहेत, तेही सांगते. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या मते राग, भीती, दुःख, आनंद, किळस, आश्चर्य अशा काही मूळ भावना सगळ्या माणसांत जन्मजात आणि चेहऱ्यावर सारख्याच दिसणाऱ्या असतात. दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट म्हणतात की शरीराकडून येणारी मोघम खबर, आधीचे अनुभव आणि शिकलेल्या कल्पना यांतून मेंदू प्रत्येक वेळी भावना नव्याने उभी करतो. कामात मला दोन्हींचा उपयोग होतो, पण घरगुती रागाच्या बाबतीत बॅरेट यांचं म्हणणं जास्त लागू पडताना दिसतं. कारण 'मला राग आला' म्हणून आलेल्या माणसाच्या आत नेमकं काय आहे हे उलगडताना दर वेळी वेगळंच काहीतरी हाती लागतं.

तुमचीच संध्याकाळ घ्या. आधी शरीर. दिवसभर भट्टीची धग, दुपारचा डबा घाईत खाल्लेला, मग खानापूर रोडवर ट्रक आणि बसच्या मधून पाऊण तास मोटारसायकल. अंगात धडधड आहे, खांदे आवळलेले आहेत, पोट रिकामं आहे. ही सगळी खबर मेंदूपर्यंत पोचत असते, पण त्यावर कारणाची चिठ्ठी लावलेली नसते. १८८४ साली विल्यम जेम्स यांनी मांडलं होतं की शरीरात होणारा बदल आधी येतो आणि त्याची जाणीव म्हणजेच भावना. त्यांचं सगळंच आज कुणी मानत नाही, पण शरीराचा वाटा मोठा आहे हे टिकून राहिलं आहे. १९७०च्या दशकात डॉल्फ झिलमन यांनी या शरीराच्या वाट्याची एक गंमत दाखवली. माणसाला चिडवून मग व्यायामाच्या सायकलवर दमवलं आणि लगेच सूड घ्यायची संधी दिली, तर तो धडधडीचं कारण ओळखतो: मी आत्ताच पायडल मारलेत. पण मधे थोडी मिनिटं गेली की धडधड उरलेली असते आणि कारण विसरलेलं असतं, मग ती उरलेली धडधड रागाच्या खात्यात जमा होते आणि माणूस जास्त जोरात उलटतो. तुम्ही गाडी लावून, हातपाय धुऊन ताटावर बसता ती नेमकी हीच वेळ.

मग अर्थ. मॅग्डा अर्नोल्ड यांनी १९६०मध्ये आणि नंतर रिचर्ड लॅझारस यांनी सविस्तर मांडलेली गोष्ट अशी की एखादी घटना नुसती घडून भावना आणत नाही. 'यात माझं काय जातंय, कोण जबाबदार, मला हे पेलेल का' असा हिशेब मन क्षणात करतं आणि त्यावर भावना ठरते. तोच कागद शेजारच्या काकांनी दाखवला असता तर? कदाचित तुम्ही म्हणाला असता, "ठेवा, उद्या बघतो." वडिलांनी तीनदा विचारलं याचा तुम्ही अर्थ काय लावला, हा खरा मुद्दा. तो तुम्ही लिहिलेला नाही. लोक बहुधा लिहीत नाहीत, कारण तो अर्थ इतक्या झटकन लागतो की लागला हेच कळत नाही.

मग उरतं ते करणं. हात उचलला जाणं, आवाज चढणं, ताट भिंतीवर जाणं. ही शेवटची पायरी. आपण सगळे उपाय या पायरीवरच शोधतो आणि तिथे सगळ्यात कमी जागा असते.

इथवरचं थोडक्यात: राग कुठे भरलेला नसतो, तो त्या त्या वेळी तयार होतो. दमलेलं शरीर आणि क्षणात लावलेला अर्थ यांतून. म्हणून तो बाहेर काढायचा किंवा आत ठेवायचा हा प्रश्नच थोडा चुकतो. तो तयार होतो कसा, तिथे हात घालायचा.

आता घरातच का. पहिलं कारण सरळ आणि थोडं कडू आहे. मॅनेजरवर भडकलात तर नोकरी जाईल, बापावर भडकलात तर बाप जाणार नाही. हा हिशेब मन करतं, तुम्हाला न विचारता करतं. 'माझा ताबाच राहत नाही' असं म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा ताबा पोलिसासमोर, साहेबासमोर, पाहुण्यांसमोर राहतो. हे टोमणा म्हणून सांगत नाही. ताबा तुमच्यापाशी आहे हा यातला चांगला भाग.

दुसरं, दिवसभर चेहरा कोरा ठेवण्याला मेहनत लागते. सुपरवायझर म्हणजे वरून साहेब आणि खालून कामगार, दोन्हीकडे हसून बोलायचं. घरी आल्यावर ते हसू उतरवून ठेवावंसं वाटणं साहजिक आहे.

तिसरं कारण आपल्या भागात मला वारंवार दिसतं. तुम्ही दिवसभर कन्नड आणि हिंदीत बोलणी खाता आणि घरी मराठीत. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना घामाची मोजणी करणारी यंत्रं लावली आणि त्यांना दोन्ही भाषांतली रागावणारी वाक्यं ऐकवली. लहानपणी आईबाप रागावतात तशी वाक्यं मातृभाषेत ऐकली की शरीराची प्रतिक्रिया जास्त जोरात उमटत होती, तेच इंग्रजीत ऐकताना कमी. कानडी आपल्यातल्या पुष्कळांनी गल्लीत खेळतानाच उचललेली असते, त्यांच्या बाबतीत हा फरक कमी असणार. पण जे मोठेपणी, नोकरीमुळे शिकले त्यांच्यात तो ठळक दिसतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. एका कचेरीत काउंटरवर कानडीत कसा पाणउतारा झाला ते त्यांनी मला अगदी नकला करत, हसत सांगितलं. मग थोरला भाऊ "तुला काय कळतंय" म्हणाला होता, ते सांगायला गेले आणि थांबले. मांडीवर कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी होती, तिची कडा अंगठ्याने चोळत राहिले, चोळत राहिले, शेवटी ती फाटली. पाणउतारा काउंटरवर जास्त झाला होता. लागला तो भावाचा. का, ते त्यांनाही कळत नव्हतं.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. हे माझं अनुमान आहे, चुकीचं वाटलं तर सरळ सोडून द्या. पंचायतीचा कागद कानडीत असणार. तुमचं शिक्षण मराठी शाळेत झालं असं तुम्ही लिहिलंय, बोलायला कानडी येते, पण छापील सरकारी कानडी भराभर वाचता येत असेल याची मला शंका आहे. समोर बाप आणि शाळेत कानडी शिकणारी मुलगी, आणि बाप तीनदा विचारतोय यात काय लिहिलंय. ज्या माणसाला त्याच दिवशी सगळ्यांदेखत झाडलं गेलं, त्याला घरात सगळ्यांदेखत 'मला हे वाचता येत नाही' म्हणायची पाळी आली. याला मी राग म्हणणार नाही. ही लाज आहे. ओशाळं, कानकोंडं झालेला माणूस ते ओशाळेपण फार वेळ धरून ठेवू शकत नाही. लाजेत आपण लहान होतो, रागात मोठे होतो, म्हणून मन झटकन लाजेवरून रागावर उडी मारतं. आणि आपल्याकडे पुरुषाला चारचौघांत राग शोभतो, लाज शोभत नाही. त्यामुळे भीती, काळजी, अपमान, थकवा, एकटेपणा, सगळ्याची बिलं रागाच्या नावावर फाडली जातात. सीमाभागातला कागदाचा आणि भाषेचा प्रश्न मोठा आहे, त्याचं राजकारण इथे काढत नाही. पण त्याचा एक भाग असा रात्री ताटावर येऊन बसतो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

वडिलांची बाजूही बघा. ते तीनदा का विचारत असतील? तुम्ही त्याचा अर्थ 'माझी लायकी काढतात' असा लावला असेल. मला वाटतं त्यांनाही तो कागद वाचता येत नसणार आणि सरकारी कागदाची त्यांच्या पिढीला धास्ती असते. म्हणजे एकाची भीती आणि दुसऱ्याची लाज समोरासमोर बसली होती आणि दोघांना वाटलं आपण घरपट्टीवर बोलतोय.

करायचं काय, हे सांगताना जेम्स ग्रॉस यांची एक मांडणी मी नेहमी वापरते. भावनेवर हात चालवण्याच्या जागा वेळेच्या क्रमाने असतात: प्रसंग यायच्या आधी, प्रसंगात बदल करून, लक्ष वळवून, अर्थ बदलून आणि शेवटी प्रतिक्रिया आवरून. जितकं आधी, तितकं सोपं. तुम्ही आजवर फक्त शेवटच्या जागी झगडत आलात.

म्हणून सगळ्यात आधी संध्याकाळची घडी बदला. घरी आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, असं घरात सांगून ठेवा. शांतपणे सांगा, एखाद्या रविवारी, भडक्याच्या दिवशी नव्हे. या वेळात चहा घ्या, काहीतरी खा, अंगणात बसा. मोबाईलवर भांडणाचे व्हिडिओ बघत बसलात तर ही वेळ फुकट गेली. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, आत घेताना चार मोजलेत तर सोडताना सहा-सात, पाचेक मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचं साधं गणित आहे, त्याला श्रद्धा लागत नाही.

कागदांची वेळ ठरवा. वडिलांना सांगा, "आलेले कागद रविवारी सकाळी आपण तिघं मिळून बघू." तिघांतली तिसरी म्हणजे तुमची मुलगी. तिच्याकडून वाचून घ्यायला तुम्हाला जड जाईल. पण तिच्यापासून लपवत राहिलात तर पुढचा प्रत्येक कागद तसाच अंगावर येईल. "मला हे भरभर वाचता येत नाही, तू वाच, मी अर्थ लावतो" एवढं एकदा तोंडाने म्हणून टाकलं की त्या कागदातली अर्धी धग जाते. मी बघितलंय, मुलं यावर हसत नाहीत. त्यांना मोठ्या माणसाला आपण उपयोगी पडलो याचंच अप्रूप असतं.

मग नाव देणं. राग आला असं वाटेल तेव्हा मनातल्या मनात दुसरं एक नाव शोधा: वैताग, धास्ती, अपमान, लाज, घालमेल, काळजी, की नुसती भूक? हा शब्दांचा खेळ नाही. मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली दाखवलं की भावना दिसणाऱ्या चेहऱ्याला लोक जेव्हा शब्दात नाव देतात, तेव्हा अमिग्डलाची उसळी कमी होते आणि कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग जास्त काम करतो. प्रयोगशाळेतल्या फोटोंवरून घरातल्या ताटापर्यंत थेट उडी मारू नये, ते मान्य. पण कामात मला याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचा होत नाही. सुरुवातीला भांडण झाल्यावर, रात्री झोपताना नाव सुचेल. तेवढ्यावर निराश होऊ नका. काही आठवड्यांनी ते भांडणाच्या मधे सुचायला लागतं, आणि पुढे कधीतरी ताट उचलायच्या आधी.

आणि ऐन वेळी काही जमलं नाही तर उठून बाहेर जा. पण सांगून जा. "मी वीस मिनिटांनी येतो, मग बोलू." न सांगता दार आपटून गेलात तर मागे राहिलेल्याला ते सोडून जाणंच वाटतं. दहा मिनिटं बहुधा पुरत नाहीत, शरीर इतक्या लवकर खाली येत नाही. आणि त्या वीस मिनिटांत 'आता जाऊन असं बोलतो, तसं सुनावतो' याची तालीम करत फिरलात तर तुमची गत पंचिंग बॅग बडवणाऱ्यांसारखीच होईल.

वडिलांशी बोलायचं राहिलंय. आपल्याकडे मोठ्यांची माफी तोंडाने मागायची पद्धत कमी, त्यांच्या आवडीचं काहीतरी आणून ठेवायचं आणि समजून घ्यायचं. तुम्ही बेळगावचा गोड कुंदा आणालही, आणा. पण शब्दही वापरा. "ताट फेकलं ते चुकलं माझं, आप्पा." एवढंच. त्यापुढे 'पण' आला की माफी संपली. मॅनेजरची गोष्ट नंतर, दुसऱ्या दिवशी सांगा. आणि मुलीला वेगळं सांगा, तिच्या वयाची मुलं घरातल्या भडक्याचं कारण स्वतःत शोधतात. आपल्यामुळे झालं नाही, हे तिने तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "आमचा आजा पण असाच होता, घराण्यातच आहे." अर्धं खरं. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून स्वभावातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक निघतो, चटकन भडकण्याचा कलही त्यात आला. पण रक्तातून कल येतो, ताट फेकणं येत नाही. ते बघून शिकलं जातं. आजा कसा होता हे तुम्ही पाहिलंत, तुम्ही कसे आहात हे ती मुलगी पाहते आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. रात्रपाळी असेल किंवा झोप पाच तासांखाली जात असेल, तर वरच्या सगळ्याच्या आधी झोप. मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने २००७ साली दाखवलं होतं की रात्रभर जागवलेल्या माणसांच्या अमिग्डलाची वाईट चित्रांना होणारी प्रतिक्रिया झोप झालेल्यांपेक्षा साठ टक्क्यांनी जास्त होती. संध्याकाळी दोन पेग असतील तर हिशेबच वेगळा, दारू आवर घालणारा भाग आधी झोपवते. थायरॉईड वाढलेलं असलं, साखर वर-खाली होत असली तरी चिडचिड होते, एक रक्ततपासणी करून घ्या. पुरुषांतलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर हे लिहिलेलं बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. आणि ताट फेकण्याच्या पुढे जाऊन कधी घरातल्या कुणावर हात उचलला असेल, तर तो भावनांचा प्रश्न म्हणून मी सोडवायला घेणार नाही. तिथे आधी घरातल्यांची सुरक्षितता. वहिनींना महिला हेल्पलाईनचा १८१ हा नंबर माहीत असू द्या.

मदत दूर नाही. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे डिमहान्स आहे. प्रवास जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. कुठेही गेलात तरी जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची साधी नोंद न्या. भडका कधी उडाला, किती वाजता, त्याआधी जेवण आणि झोप कशी होती, समोर कोण होतं, आणि रागाला तुम्ही दुसरं नाव काय दिलंत. वहीत लिहा किंवा मोबाईलमध्ये, शुद्धलेखन कुणी तपासत नाही. समोर बसणाऱ्याला त्यातून तुमच्या तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं.